दुसरा भोपळ्या

कुत्र्यांच्या त्या हॉस्टेलात मावशी सहा वर्षं घाण उपसत होती. नाकाला फडकं बांधायचीही तिला कधी गरज पडली नव्हती. किळस आली ती त्या शनिवारी, आणि ती घाणीची नव्हती.

भोपळ्या आजोबांचा कुत्रा. तपकिरी, गोल गरगरीत, एक डोळा गेलेला आणि बसल्या जागी मुतणारा. घरचे सहलीला निघाले तेव्हा आजोबांचा मुलगा त्याला इथे सोडून गेला. चौथ्या दिवशी हॉस्टेलच्या मालकाने डॉक्टर आणला. "ताप आहे, इंजेक्शन द्यायचंय. मावशी, डोकं धर."

मावशीने डोकं मांडीवर घेतलं, कान चोळले. "शहाणा ना तू? झालं हं, झालं." भोपळ्या पुन्हा उठलाच नाही. हृदय कमजोर होतं म्हणे. बिचारीने रडून डोळे सुजवून घेतले.

शनिवारी सकाळी मालकाने तसाच, एक डोळा गेलेला कुत्रा आणला आणि भोपळ्याचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला. "आजोबांना धक्का सोसायचा नाही. तू तोंडाला कुलूप लावायचं, नाहीतर घरी बसायचं." म्हाताऱ्याच्या काळजीपोटी असेल, असं समजून मावशी गप्प राहिली.

दुपारी मुलगा एकटाच आधी आत आला. मावशी पलीकडे फरशी पुसत होती, पण तिच्याकडे कोण बघतंय!

"हुबेहूब आहे हो," तो खूश होऊन म्हणाला. "डॉक्टरने वेळ नाही ना लावला?"

"छे!" मालक म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं तसं चौथ्या दिवशी उरकून टाकलं."

"बरं झालं. घरातले गालिचे पार सडवले होते त्याने."

मावशीने फडकं तिथेच टाकलं. ती मोरीत गेली आणि साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. ताप नव्हताच. ज्या हातांनी तिने त्याला भरवलं, त्याच हातांनी त्याला सुईसाठी धरून दिलं होतं. या दोघांची तर तिला शिसारी आलीच, पण त्या हातांची जास्त आली.

ती बाहेर आली तेव्हा आजोबा काठी टेकत कुत्र्याजवळ वाकले होते. त्यांनी कान चाचपला. "हा आपला नाही."

"बाबा, हल्ली तुमच्या काही लक्षात राहत नाही. काल गोळीसुद्धा दोनदा घेतलीत."

आजोबांचा चेहरा पडला. असेल बुवा, आपलंच डोकं गेलं असेल, असं त्यांना वाटू लागल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"मावशी, तुम्हीच सांगा त्यांना," मुलगा म्हणाला. मालकाने डोळे वटारले.

"तुमचं बरोबर आहे, आजोबा," मावशी म्हणाली. "हा भोपळ्या नाही. त्याला यांनी सुई देऊन मारलं. डोकं मी धरलं होतं. मला औषध म्हणून सांगितलं होतं."

"चालती हो!" मालक किंचाळला.

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घाबरला का गं तो?"

"नाही. शेपूट हलवत होता. मी लाडाने बोलत होते ना."

आजोबांनी पट्टा सोडवून खिशात घातला. मुलगा पुढे झाला. त्यांच्या दंडाला धरत, साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाला, "चला बाबा. शहाणे ना तुम्ही?"

आजोबांनी अंग चोरून दंड सोडवून घेतला आणि ते मावशीच्या मागे जाऊन उभे राहिले.