दुपारचा एक वाचक

महादेवरावांची सारी नोकरी अमरावतीच्या एका कॉलेजात दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात गेली. निवृत्तीनंतर ग्रंथपाल स्वतःच लिहू लागले, पण ओळखीच्या कुणाच्या हाती पडू नये अशा बेतानं, म्हणजे ब्लॉगवर. ज्या कंपनीकडे तो ब्लॉग होता, तिनं यंदा गाशा गुंडाळला. तेव्हा अकोल्याहून लेक वर्षाली आपला जुना संगणक घेऊन आली. बाबांचं सगळं लेखन तिनं त्यात उतरवलं, तो बैठकीच्या कोपऱ्यात मांडला आणि बजावलं, "आता ब्लॉग आपल्याच घरातून चालेल. फक्त हा बंद करायचा नाही." प्रत्येक लेखाखाली तिनं बाबांचा फोन नंबरही टाकला. महादेवरावांना भर चौकात उभं केल्यासारखं झालं.

खरं तर त्यांना ब्लॉग जाऊ द्यायचा होता. वाचकांचा आकडा रोज एकावर अडायचा, तोही दुपारी. तो एक वाचक म्हणजे वर्षालीच. बापाचं मन राखायला उघडत असणार. विचारायचा धीर झाला नाही. महिनाभर बघू, नाहीतर गुपचूप मिटवून टाकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

इकडे त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंची रीत अशी, की दुपारची जेवणं आटोपली की घरातली सगळी बटणं बंद करायची आणि पंखा तेवढा ठेवून आडवं व्हायचं. कोपऱ्यातलं डबडं उगाच घुरघुरतं, म्हणून त्या त्याचंही बटण बंद करू लागल्या. चहाच्या वेळी पुन्हा चालू करत. आकडा शून्यावर आला. लेकही थकली बिचारी, असं महादेवरावांनी मनाशी म्हटलं.

अशाच एका दुपारी फोन वाजला. वरूडहून चंदा नावाची बाई बोलत होती. संत्र्यांच्या पॅकिंगवर कामाला होती.

"सर, तुमचं पान काहून उघडून नाही राहिलं? बायका मले खाऊन राहिल्या."

कोणत्या बायका, हे त्यांना कळेना. मग तिनं सांगितलं, की जेवणाच्या सुट्टीत ती मोठ्यानं वाचते आणि फळं निवडणाऱ्या सगळ्याजणी डबा खात ऐकतात.

महादेवरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. "पण आकडा तर एकच दिसतो."

"फोन एकच हाय ना सर."

त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. डबडं मुकं होतं. त्यांनी उठून बटण दाबलं, पण त्याला जागं व्हायला वेळ लागणार आणि तिकडे सुट्टी सरत आलेली. चंदा म्हणाली, मग तुमीच वाचा.

निरोप समारंभातही नुसते हात जोडून खाली बसलेला हा माणूस. जमणार नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात पलीकडे डब्यांचा खडखडाट थांबला. "चूप बसा वं," असं कुणीतरी कुणाला दटावलं. महादेवरावांनी चष्मा लावला आणि टेबलावरचे कच्चे कागद ओढले.

"माझी आई वांगं कधी ओढून तोडत नसे..." आवाज कापत होता. "बराबर हाय," पलीकडून एकजण बोलली. मग कंप ओसरत गेला.

नवरा काय लिहितो हे कधी न विचारणाऱ्या कौशल्याबाई भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्या उठल्या, कपाळाची टिकली काढून त्यांनी त्या बटणावर चिकटवली.

"आता याले हात नाही लावत," त्या म्हणाल्या. "पण नवीन लिहाल ते पहिले मले ऐकवजा."