तीन मोजायचे आणि हसायचं

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस नापास झाला, असं एकवीस वर्षांत फार तर चार वेळा घडलं असेल आणि त्या चौघांचा विषय त्यांच्यापुढे कुणी काढत नसे. त्यांची खुबी साधी होती. परीक्षा घेणारा साहेब शेजारी बसून नेमकं काय बघतो, हे त्यांना पाठ होतं. "आरशात नुसतं बघू नका," ते शिकाऊंना सांगायचे, "मान वळवून बघा. तुम्ही बघितलंत हे साहेबाला दिसलं पाहिजे. तुम्हाला काय दिसलं ते नंतर." लोक पास व्हायचे, मिठाईचा पुडा घेऊन यायचे. पुढे त्यातल्या कुणी खांबाला गाडी घातली, तर त्याला मास्तर काय करणार?

त्यामुळे त्यांच्या आठ वर्षांच्या बिट्टीला डॉक्टरीणबाईंकडे तपासायला न्यायचं ठरलं, तेव्हा मास्तरांना तीही एक परीक्षाच वाटली.

बायको वर्षभर मागे लागली होती. शाळेची घंटा वाजली की बिट्टी कानांवर हात दाबून बाकाखाली जाई. बाही चावून चावून भोकं पाडी. ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला लागला की तिचं जेवण संपलं. बाबा "दोन मिनिटांत आलो" म्हणून गेले की घड्याळासमोर बसे आणि तिसऱ्या मिनिटाला "बाबा खोटं बोलले" असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करी. माणसांच्या डोळ्यांत बघायचं तर तिच्या जिवावर येई. घंटेच्या वेळी तिनं कानांवर हेडफोन लावावेत, मधल्या सुट्टीत वाचनालयात बसावं, एवढीच आईची मागणी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी महिनाभर ते चालवून घेतलं आणि मग सांगितलं, "डॉक्टरांचा कागद आणा. नाहीतर नियम सगळ्यांना सारखा."

"ऑटिझम असेल," बायको म्हणाली. "असला तर असू दे. निदान तिला काय होतं ते तरी आपल्याला कळेल."

"अगं, एकदा शिक्का बसला की जन्मभर निघत नाही. लाडावलीय ती, दुसरं काही नाही."

खरं सांगायचं तर मास्तरांना धास्ती होती लोकांची. जो दगडालाही पास करून दाखवतो, त्याच्याच घरात... हे वाक्य ते मनातसुद्धा पुरं करत नसत.

म्हणून तपासणीच्या आधी तीन आठवडे ते रोज संध्याकाळी "एक चक्कर मारून आणतो" असं सांगून बिट्टीला गाडीतून न्यायला लागले. बायकोला बिचारीला बरंच वाटलं. मैदानात शिकाऊंसाठी मांडलेल्या रंगीत शंकूंच्या मधोमध गाडी उभी राहायची आणि शिकवणी सुरू व्हायची.

"डोळ्यांत बघवत नाही ना? नको बघूस. दोन भुवयांच्या मधे बघ. समोरच्याला कळत नाही. मनात तीन मोज आणि हस."

"काय गंमत झाली?"

"गंमत झाली नाही तरी हसायचं."

बिट्टीनं यावर बराच विचार केला. "मग खरी गंमत कधी झाली ते लोकांना कसं कळतं?"

मास्तरांनी वायपर चालू केले. बिट्टीला वायपरचं भारी वेड. नीट जमलं की वायपरची एक फेरी, असं बक्षीस ठरलेलं. बाही चावली तर फेरी नाही. हात फडफडवले तर नाही. "आणि आईला यातलं काही सांगायचं नाही," हेही त्यांनी शिकवलं. पोरगी गुणी. सगळं घोटून घोटून शिकली.

डॉक्टरीणबाईंसमोर बिट्टीनं जे केलं, ते बघून बायको थक्कच झाली. हात मांडीवर, नजर भुवयांमधे, आणि हसू अगदी वेळेवर. मास्तर तिच्याबरोबर मनात तीन मोजत होते. पालकांचे प्रश्नही त्यांनीच पटापट उडवले. "छे, तसलं काही नाही. थोडी लाजाळू आहे इतकंच." बायको बोलायला गेली की, "हिला काळजीच फार," म्हणून हसले. डॉक्टरीणबाईंनी बिट्टीकडे दोनदा निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "आज मला पुरेसं काही दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा आणा."

मास्तर छाती काढून जिना उतरले. घरी आल्यावर बिट्टी ओट्याखाली जाऊन बसली, ती जेवायलाही बाहेर आली नाही. दोन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, "माझंच डोकं फिरलं असेल हो. आठ वर्षं मला भलतंच काहीतरी दिसतंय." मास्तरांनी ते ऐकलं आणि वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

कागद नाही म्हटल्यावर शाळेनं हेडफोन बंद केले. चौथ्या दिवशी शाळेतून फोन आला. बायको कामावर होती, म्हणून मास्तर शिकाऊला भर रस्त्यात उतरवून तसेच निघाले.

वर्गातली मुलं बाहेर काढली होती. बिट्टी शेवटच्या बाकाखाली होती, स्वतःचं मनगट दातांत धरून. बाहीवर रक्ताचे डाग. वर्गशिक्षिका हात टेकून बाजूला उभ्या.

मास्तर वाकले. "बिट्टी, मी आलोय."

तिनं वर बघितलं. चेहरा लालबुंद, नाक वाहत होतं. वडील दिसताच तिनं मनगट सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांच्या भुवयांच्या मधे नजर रोवली. ओठ हलले, एक, दोन, तीन. आणि ती हसली.

"बघा!" शिक्षिका सुटकेच्या सुरात म्हणाल्या. "बाबांना बघून कशी खुलली. लाडकी दिसतेय तुमची."

मास्तर तिथंच फरशीवर बसले. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून हवं होतं. "नको गं," ते कसंबसं म्हणाले, "नको हसूस."

"चुकलं?" बिट्टीनं विचारलं. आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली. काय सांगायचं ते मास्तरांनी वाटेत सौम्य शब्दांत जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडल्यावर त्यातला एकही शब्द आला नाही. मैदान, भुवया, वायपर, आईला सांगायचं नाही, सगळं जसं होतं तसं बाहेर पडलं. बायकोकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुष्कळ मुली हे आपलं आपणच शिकतात. इतरांची नक्कल करतात, दिवसभर ते धरून ठेवतात आणि घरी येऊन कोसळतात. तिच्यात मोडलेलं काही नव्हतं हो, तुम्ही दुरुस्त करायला. दमवलंत मात्र फार."

"आणि मी स्वतःला वेडी समजत होते," बायको म्हणाली. आवाज चढला नाही. "तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात."

मास्तरांची मान खाली गेली, ती गेलीच.

नवा फॉर्म आला. फॉर्म भरण्यात मास्तरांचा हातखंडा, त्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: मुलीला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीनं भरावा. त्यांनी पेनासकट फॉर्म बायकोपुढे सरकवला.

ती लिहू लागली. बिट्टी भिंतीकडे तोंड करून खोलीतले ठोकळे रंगांप्रमाणे लावत होती. मधेच हात फडफडवी, मधेच स्वतःशी गुणगुणे. तिला कुणी काही म्हणत नव्हतं. आपली मुलगी निवांत असली की अशी दिसते, हे मास्तर आठ वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्या पानावर बायको एका प्रश्नाशी थांबली. मूल कोणत्या ठिकाणी किंवा कोणासमोर सतत ताणाखाली असतं? तिनं लिहिलं, शाळेची घंटा. मग, गर्दीची दुकानं. मग पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. ती नवऱ्याकडे बघेना, आणि पुढच्या प्रश्नावरही जाईना.

"लिही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"बाबा."

तिनं लिहिलं आणि पान उलटलं.