एकही सुटला नाही

कंपाउंडरच्या हातात कागद देऊन डॉक्टर हात धुवायला आत गेले. जाता जाता म्हणाले, "एकदा नजर घाला. आकडा चुकला असेल तर सांगा. गुरुवारी वाचायचंय."

कागद दीड पानाचा होता. शहरातले सगळे फिजिशियन महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी औषधविक्रेत्यांच्या संघाच्या हॉलमध्ये जमत. एकाने नवं संशोधन वाचून सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याला धारेवर धरायचं, असा शिरस्ता होता. निम्मे लोक चहासाठी येतात, असं डॉक्टर म्हणत आणि स्वतः एकही गुरुवार चुकवत नसत. या वेळी पाळी त्यांची होती. नुसतं वाचून दाखवायचं नाही, ते संशोधन आपल्या दवाखान्यात कसं उतरवलं तेही सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

कंपाउंडरने उभ्या उभ्याच वाचलं. शेवटच्या दोन ओळींखाली डॉक्टरांनी रेघ मारली होती. 'कार्डांच्या पेट्यांतून एकशे अठरा रुग्ण शोधले. प्रत्येकाला बोलावून गोळी थांबवली. एकही सुटला नाही.'

डॉक्टर टॉवेलला हात पुसत बाहेर आले. "काय?"

"आकडा बरोबर आहे," कंपाउंडर म्हणाला. त्याने कागद टेबलावर ठेवला, त्यावर काचेचं वजन ठेवलं आणि पुढच्या पेशंटला आत सोडलं.

आकडा बरोबरच होता. कार्डं त्यानेच काढली होती.

वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी ते संशोधन वाचलं होतं. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची छोटी गोळी कितीतरी म्हातारी माणसं हृदयाला बरी म्हणून वर्षानुवर्षं घेत होती. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात कधी झालेलाच नाही, अशा सत्तरीच्या आसपासच्या माणसांना तिचा उपयोग दिसत नाही, उलट पोटात नाहीतर डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, असं त्यात होतं. असं म्हणणारं ते पहिलंच संशोधन नव्हतं. डॉक्टरांनी दोन दिवस त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "कंपाउंडर, पेट्या काढा सगळ्या."

चौदा पेट्या निघाल्या. तीन आठवडे कंपाउंडर दुपारी जेवून आला की खिडकीखाली बसून एकेक कार्ड बघे. वय बघायचं. गोळी चालू आहे का बघायचं. मागे हार्ट अटॅक आलाय का, स्टेंट घातलाय का, ते बघायचं. तसं असेल तर गोळी चालूच ठेवायची, म्हणून ते कार्ड परत जागेवर. नसेल तर कोपऱ्यात लाल ठिपका. डॉक्टरांची बऱ्याच वर्षांची सवय अशी की जुना पेशंट आला की 'पूर्ववत' एवढा एकच शब्द लिहायचे. त्यामुळे गोळी कधी सुरू झाली ते शोधायला कधी कधी आठ-दहा वर्षं मागे जावं लागे. कंपाउंडरला त्याचा कंटाळा आला नाही. कुठलं कार्ड कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि या कामात डॉक्टरांना त्याच्यावाचून पर्याय नव्हता, हे त्याला मनातून आवडलं होतं.

मग लोकांना बोलावणं सुरू झालं. तो भाग सोपा गेला नाही. गोळी थांबवा म्हटलं की लोकांना वाटे, डॉक्टरांनी आपली आशा सोडली. एक निवृत्त मास्तर तर हुज्जतच घालत बसले. "अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात घ्या. आता तुम्हीच म्हणता नको. अजून दोन वर्षांनी परत म्हणाल घ्या."

"म्हणेनही," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा जे माहीत होतं त्यावर तेव्हा सांगितलं. आता जास्त माहीत झालंय."

"मग अजून जास्त माहीत होईपर्यंत मी थांबतो, आणि तोवर गोळी घेतो."

शेवटी ते गोळी सोडायला कबूल झाले, पण बाहेर आल्यावर त्यांनी कंपाउंडरला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, संपल्यात का गोळ्या?"

संपल्या नव्हत्या. उलट, मागणी एकदम कमी झाल्यामुळे दोन बरण्या जवळजवळ भरलेल्या उरल्या होत्या. स्टेंटवाल्यांसाठी एक पुरे होती. दुसरीचं काय करायचं, असं त्याने विचारलं तेव्हा डॉक्टर मान वर न करताच म्हणाले, "बघा तुम्हीच." कंपाउंडरने बरणी पिशवीत घातली आणि घरी नेली. घरी लागतच होती.

सत्तरीला आलेली त्याची बायको ती गोळी अकरा वर्षं घेत होती. एकदा तिला चक्कर आली म्हणून ती दवाखान्यात आली होती. डॉक्टरांनी काउंटरपाशीच तिचं प्रेशर पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, प्रेशरची एक आणि ही एक, रोज घेत जा. कंपाउंडर देतील." झालं. कार्ड काढलं नाही. दवाखान्यातल्या माणसांचं कार्ड कधीच काढत नसत. घरच्या माणसाला कसलं कार्ड, यात एक मान होता. दर रविवारी सकाळी तो सात खणांच्या डबीत तिच्या गोळ्या भरी. ती म्हणे, "अहो, जगाच्या पुड्या बांधून झाल्या की मग माझी डबी का?" तो म्हणे, "तुझी डबी फुकट असते, म्हणून शेवटी."

ज्या तीन आठवड्यांत त्याने एकशे अठरा कार्डांवर लाल ठिपके दिले, त्यातल्या तिन्ही रविवारी त्याने ती डबी भरली. नंतरही भरली. गोळी तीच आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हातातली गोळी तो अंधारातही ओळखेल. पण काम कार्डांचं होतं. कार्डावर होते ते पेशंट, आणि बायको पेशंट नव्हती.

चार महिन्यांनी ती स्वयंपाकघरात ओट्याशी खाली बसली आणि डोकं दुखतंय म्हणाली. तासाभरात तिचं बोलणं गेलं. मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं, "काका, रक्त पातळ करायची काही गोळी चालू होती?"

"हो," तो म्हणाला. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्याला ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर घरी आले, त्याच्याशेजारी बसले, त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. "प्रेशरने दगा दिला," म्हणाले. गोळीचं कंपाउंडरने तेव्हा सांगितलं नाही. नंतरचे दोन महिनेही नाही.

कागद वाचला त्या संध्याकाळी मुलगी आली होती. ती दोन दिवसांआड यायची, फ्रीज उघडून बघायची आणि बापाला रागवायची. त्या दिवशी तिने रागवायला सुरुवात करण्याआधीच त्याने सगळं सांगून टाकलं, बरणीसकट.

मुलगी उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "मला का सांगितलंत हे? आता मी काय करू याचं?"

"तू काही करू नकोस. तुला माहीत हवं, एवढंच."

"आईला कळलं असतं तर..." तिने नळ बंद केला. "जाऊ दे. डॉक्टरांना नका सांगू. तुमच्यामुळे गेली असं ते म्हणणार नाहीत, पण मनात तर येईल. मग रोज त्यांच्यासमोर कसे उभे राहाल? आणि तिथे नाही गेलात तर दिवसभर या घरात काय करणार आहात?"

"ते गुरुवारी सांगणारेत की एकही सुटला नाही."

"सांगू देत ना. लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जातील."

"घरी नाही जाणार," तो म्हणाला. "आपापल्या दवाखान्यात जातील आणि असंच करतील. पेट्या काढतील, कार्डं बघतील. त्यांच्याकडेही कुणीतरी माझ्यासारखा असेलच ना."

मुलीने कप पालथे घातले. निघताना दारात थांबली. "डबी कुठंय आईची?"

"माझ्या कपाटात."

"मला द्या ती. तुमच्याकडे नको." त्याने आणून दिली. तिने ती पर्समध्ये टाकली आणि जाताना बापाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. रागवायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर दवाखाना उघडायच्या अर्धा तास आधी गेला. डॉक्टर आले तेव्हा तो पेशंटच्या खुर्चीत बसला होता. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. "काय होतंय?"

"मला काही होत नाही. त्या कागदातलं शेवटचं वाक्य चुकलंय."

त्याने सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग डॉक्टर म्हणून जे सांगता येतं ते सांगायला लागले. "हे बघा, असलं संशोधन हजारो माणसांवर होतं. हजारात किती जणांना जास्त त्रास झाला ते त्यातून कळतं. एका माणसाला कशामुळे झालं ते त्यातून सांगता येत नाही. वहिनींचं प्रेशर होतं, वय होतं. गोळी बंद केली असती तरीही..."

"मी ते विचारायला आलो नाही."

"मग?"

"ती यादीत नाही. एवढंच सांगायला आलोय."

डॉक्टरांनी काचेचं वजन बाजूला करून तो कागद पुढे ओढला. "गोळी मी सांगितली होती," ते म्हणाले. "उभ्या उभ्या. दोन दिवस विचार करून पेट्या काढायला लावल्या, आणि काउंटरपलीकडे रोज उभा राहणाऱ्या माणसाला विचारलं नाही, घरी कुणी घेतं का. आणि वर म्हणालो, बघा तुम्हीच."

"बरणी मी नेली."

"नेलीत." त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल कंपाउंडरला बरं वाटलं. "गुरुवारी हे उभं राहून सांगायचं म्हणजे माझी लाज निघणार, तुमच्याही घरातलं चव्हाट्यावर येणार. तुमची तयारी आहे?"

"आहे. तुमच्या ताईंचं कार्ड आहे का हो, डॉक्टर?"

डॉक्टरांची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहत होती आणि काहीही झालं की भावाला फोन करून औषध विचारत होती. डॉक्टरांनी फोन काढला. पलीकडून हॅलो आल्यावर म्हणाले, "ताई, तू रोज काय काय गोळ्या घेतेस, एकेक वाचून दाखव. नाही, काही झालेलं नाही. तू वाच."

चौथी गोळी तीच निघाली.

गुरुवारी कंपाउंडर पहिल्यांदाच हॉलमध्ये बसला. एरवी तो डॉक्टरांची पिशवी पोचवून परत जायचा. डॉक्टरांनी संशोधन वाचलं, पेट्यांचं सांगितलं, मास्तरांचा किस्सा सांगितला तेव्हा लोक हसले. मग त्यांनी कागद खाली ठेवला. "एकशे अठरा सापडले. दोन सुटले. एक माझी बहीण. ती ठीक आहे. दुसऱ्या आमच्या कंपाउंडरांच्या पत्नी. त्या डोक्यातल्या रक्तस्रावाने गेल्या. गोळीमुळेच गेल्या असं मला म्हणता येत नाही, आणि गोळीमुळे नाही असंही म्हणता येत नाही. दोघींचं कार्ड नव्हतं, कारण दोघी घरच्या होत्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "माझी बायको मी दिलेलं औषध घेतच नाही, तेच बरं म्हणायचं." एक-दोन जण हसले. मग त्यांना कंपाउंडर कोपऱ्यात बसलेला दिसला आणि त्यांनी हसू आवरलं.

पहिल्या रांगेतल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग शोधायचं कसं? कार्डच नाही, तर अशी माणसं सापडणार कुठे?"

डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं. तो उठला. इतक्या डॉक्टरांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"कार्डांपासून सुरू करू नका," तो म्हणाला. "बरणीपासून करा. महिन्याभरात बरणीतून किती गोळ्या गेल्या ते मोजा, आणि कार्डांवर किती लिहिल्यात ते बघा. जास्त गेल्या असतील तर कंपाउंडरला बसवून विचारा. नर्सला विचारा, झाडूवाल्या मावशींना विचारा. रागावून नका विचारू, नाहीतर सांगणार नाहीत. आणि फोनवर सांगितलेली औषधं बरणीतही सापडायची नाहीत. ती तुम्हाला घरी जाऊन एकेकाला विचारावी लागतील."

काही जण लिहून घेत होते. मागे बसलेल्या एकाने फोन कानाला लावला आणि तो हळूच बाहेर गेला.

"तुमच्याकडे किती फरक आला?" बाईंनी विचारलं.

त्याने काल संध्याकाळी बसून मोजलं होतं. औषधांच्या जुन्या वह्या काढून मागच्या सगळ्या वर्षांचं मोजलं होतं. पण तो मोठा आकडा त्याला इथे सांगावासा वाटला नाही.

"रोज एक," कंपाउंडर म्हणाला, आणि खाली बसला.