गव्हाणीतलं बाळ

संशय घेणं ही माझी खोड आहे, असं माझा मुलगा अमृत म्हणतो. मी म्हणते, सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून केली. गोळी घेतली म्हणून शपथा घालणाऱ्या पेशंटची गादी उचलली की खाली गोळ्याच निघायच्या. संशय घेतला नसता तर निम्मे वर गेले असते. त्यामुळं आमच्या घरातला बाळ येशू गव्हाणीतनं गायब व्हायला लागला, तेव्हा देवदूतांनी नेला असेल म्हणत मी काही हात जोडून बसले नाही.

आधी घरातली माणसं सांगते. मी विजयमाला. जुळे सोलापुरात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. अमृत माळशिरसकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे, आणि हंगाम सुरू झाला की त्याचं दर्शन दुर्मिळ. सून ऋतुजा आणि नात अंकिता, म्हणजे आमची अंकू, कालपरवापर्यंत त्याच्याबरोबर कारखान्याच्या कॉलनीत राहायच्या. यंदा अंकूच्या शाळेसाठी दोघी माझ्याकडं आल्या. साडेचार वर्षांचं पोर, पण डोळे असे की बघणाऱ्याकडं हिशेबच मागतायत.

ऋतुजा मेंढरं-म्हशी राखणाऱ्या हिंदू घरातली. लग्न कोर्टात झालं. चर्चला येते, डोक्यावर ओढणी घेऊन गप्प बसते, गाणं कधी म्हणत नाही. बाप्तिस्म्याचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही काढला नाही. पण माझं लक्ष होतं. माझ्या आजोळापासून घरात संध्याकाळची प्रार्थना चुकलेली नाही. मी गेल्यावर ती कोण करणार? अमृतला त्याची प्रयोगशाळा पुरते. राहिली अंकू. ती हातची गेली तर आमच्या घरातली मेणबत्ती विझलीच समजा. ह्या एका भीतीनं मला झोप लागत नव्हती, खोटं कशाला बोलू.

म्हणून डिसेंबर लागला तसं मी ठरवलं, नाताळ म्हणजे केक आणि लाल टोपीवाला म्हातारा नव्हे, हे पोरीला आत्ताच कळलं पाहिजे. टेबलावर फळ्यांची छोटी गव्हाण केली. शहरात कडबा कुठला मिळायला, अमृत येताना कारखान्यावरनं पिशवीभर उसाचं पाचट घेऊन आला. त्यात माझ्या आईचं मातीचं बाळ. नाकाचा टवका उडालाय, पण चेहरा अजून गोड आहे. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायची, प्रार्थना करायची, जन्माची गोष्ट सांगायची. अंकूनं दिवसभरात जे चांगलं केलं असेल त्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. मग तिनं स्वतःच्या हातानं बाळाला आत ठेवायचं, आणि सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं.

अंकू ठेवायची, पण ठेवल्याबरोबर हात झटकन मागं ओढायची आणि डोळे गच्च मिटायची. केवढी श्रद्धा बाई, म्हणून मी सुखावले.

आणि एके दिवशी सकाळी गव्हाण रिकामी.

बाळ सोफ्याच्या उशीमागं सापडलं. पडलं असेल म्हटलं. पुढच्या वेळी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. पिठात बाळ काय चालत गेलं? माझा पहिला संशय कामवाल्या निंगव्वावर गेला. ती अक्कलकोटकडची, बोलायला एकदम रोखठोक. आडून विचारलं तर तिनं पिशवी माझ्यापुढं उपडी केली. "बघा की अक्का. तुमचा देव नेऊन मी काय करू? माझेच घरात मावत न्हाईत." मग दोन दिवस भांडी अशी आपटली की वाटीला पोचा आला.

मग राहिलं कोण?

मला आता बारीकसारीक आठवायला लागलं. ऋतुजा गॅलरीत जाऊन तिच्या भावाशी, धनाजीशी, हळू आवाजात बोलायची. मी गेले की "ठेवते दादा" म्हणायची. आणि मध्येच एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आई, पोरीला ती गोष्ट थोडे दिवस नको सांगायला. रात्री रडत उठतीय."

येशूच्या जन्माची गोष्ट ऐकून कुठलं लेकरू रडतं? मी एवढंच म्हणाले, "गोष्ट काही भुताची नाही." तिनं परत विषय काढला नाही. गप्प बसणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

त्यानंतर बाळ सापडलं ते ऋतुजाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, तिच्या ओढणीत गुंडाळलेलं. मी ते गुपचूप उचलून गव्हाणीत ठेवलं. म्हटलं, बघू किती दम आहे. दुसऱ्या दिवशी बाळ नाहीसं झालं आणि ह्या वेळी कुठंच सापडलं नाही. कपाट, डबे, माळा, वॉशिंग मशीन, सगळं पालथं घातलं. आईची एवढी एकच वस्तू माझ्याकडं होती. नाताळ तोंडावर आला होता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि बोलले. मनात साठलेलं सगळं बोलले.

"तुला आमचा देव नको असेल तर तोंडावर सांग. माझ्या आईचं बाळ लपवून ठेवतेस, पोरीच्या मनात भरवतेस, गॅलरीत भावाशी खलबतं करतेस. ह्या घरात ते चालायचं नाही."

ऋतुजानं गॅस बंद केला. हात पुसले. "मी न्हाय घेतलं," एवढंच म्हणाली. राग आला, घाईनं बोलली की तिच्या तोंडून गावाकडचं येतं. मी म्हटलं, "तुझ्या ओढणीत सापडलं होतं मला." तिनं फोन उचलला आणि माझ्यासमोरच म्हणाली, "दादा, उद्या गाडी घेऊन ये. आमी दोघी येतोय." ह्या वेळी आवाज हळू नव्हता.

म्हणजे नातही चालली. ज्याला भीत होते ते मीच दारात आणून उभं केलं, पण तेव्हा मला तसं दिसलं नाही. माझा संशय खरा ठरला, एवढंच दिसलं. बघा, पळून चाललीय.

दुसऱ्या दिवशी चोवीस तारीख. ऋतुजा आत बॅग भरत होती. मी अंकूला मांडीवर घेतलं. जाण्याआधी एकदा तरी गोष्ट धड पोचावी म्हणून परत सांगायला घेतली. धर्मशाळेत जागा नव्हती, मग मरियेनं बाळाला फडक्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, इथपर्यंत आले तर अंकूनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको ना, आजी. परत नको ठेवू."

"अगं, ठेवायचंच असतं. बाळ कुठंय, तुला ठाऊक आहे का?"

"आहे. पण नाही सांगणार. तू परत ठेवशील."

"मग काय झालं?"

"मग ते आत जातं. आत सुऱ्या असतात. पप्पांनी दाखवलंय. एवढ्या मोठ्या सुऱ्या, घर्रर्र करतात. पप्पा म्हणाले, गव्हाणीत पडलं की माणूस दिसत पण नाही." तिनं माझा पदर ओढला. "तू रोज मला ठेवायला लावतेस. आणि मग सगळे गाणी म्हणता. कुणीच त्याला काढत नाही."

मला समजायलाच वेळ लागला. कारखान्यात ऊस जिथं टाकतात, जिथनं तो कापायच्या सुऱ्यांकडं सरकत जातो, त्यालाही गव्हाणच म्हणतात. ह्या पोरीनं जन्मात तेवढी एकच गव्हाण बघितलेली. वर मी आत पाचट घातलं होतं, म्हणजे खात्रीच. आणि मी तिला रोज, प्रार्थना म्हणून, एका जिवंत बाळाला तिच्याच हातानं चरकात घालायला लावत होते.

माझ्या डोळ्यांना धार लागली. "तशी नव्हे गं राणी," मी म्हणाले, "ही गव्हाण जनावरांची, चाऱ्याची." पण अंकू मांडीवरनं उतरली आणि भिंतीला जाऊन टेकली. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारणच उरलं नव्हतं.

ऋतुजा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हणून उठत होती व्हय रडत," ती स्वतःशीच पुटपुटली. मग येऊन खाली बसली.

"अंकू, मामाकडं म्हशी कशात वैरण खातात?"

"दावणीत."

"तिलाच गव्हाण म्हणतात. मी बारकी होते तेव्हा धार काढताना तुझी गावची आज्जी मला त्यातच ठेवायची, वैरणीवर. ऊब असती तिथं. म्हैस येऊन हुंगायची, चाटायची. मला कुटं काय झालं? बघ की."

अंकूनं आईचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. बोटं जागच्या जागी होती. मग ती आत गेली आणि बाळ घेऊन आली. ते ऋतुजाच्या बॅगेत होतं, कपड्यांच्या तळाला. मामाच्या गावाला नेलं की सुटेल, म्हणून अंकूनंच ते तिथं दडवलं होतं.

मी ऋतुजाचा हात धरला. "चुकले मी. माफ कर."

तिनं हात सोडवला नाही, पण मिटलाही नाही. "दादाला मी पोरीच्या रडण्याचंच सांगत होते, आई. तुमाला सांगून झालं होतं." मग बॅगेकडं बघून म्हणाली, "हे आत्ता तुमाला माझ्या बॅगेत सापडलं असतं तर?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण चोवीस तारखेला खोटं बोलवेना.

"तर मी तुझं काहीएक ऐकलं नसतं," मी म्हणाले. "पोरीचंही नसतं ऐकलं. तूच शिकवलंय म्हणाले असते."

मग तिनं फोन लावला. "दादा, आज नको येऊ. उद्याचं उद्या बघू." बॅग मात्र भरलेलीच ठेवली.

संध्याकाळी मेणबत्ती लावली. ऋतुजानं पाचट काढून टाकलं आणि तिची तीच ओढणी घडी करून गव्हाणीत अंथरली. अंकूनं बाळ आणलं, फळ्या हलवून बघितल्या, गव्हाणीखाली वाकून बघितलं. मग हळूच आत ठेवलं, पण वरनं हात काही काढेना.

प्रार्थनेसाठी मी नेहमीसारखी तिच्या शेजारी सरकले.

"आजी, तू तिकडं बस," ती म्हणाली. "दाराजवळ."

मी दाराजवळ जाऊन बसले, आणि प्रार्थना तिथनंच केली.