नाल्याच्या तोंडाशी गोण्या

महिपतीने कारखान्याचं जोतं कमरेएवढं उंच घेतलं, तेव्हापासून सखाच्या डोक्यात किडा वळवळत होता. पेणला भोगावतीच्या काठी दोघांचे गणपतीचे कारखाने समोरासमोर, मध्ये एक नाला. पुराला भिणारा माणूस जोतं उंच करणार नाही तर काय करणार? पण सखाला पटेल तर शपथ. "पाणी माझ्याकडं ढकलायचा डाव हाय त्याचा," असं तो टपरीवर भेटेल त्याला सांगे. महिपती हसला तरी याला त्यात काळंबेरं दिसे.

यंदा सखाच्या साऱ्या मूर्ती शाडूच्या, रोह्याच्या व्यापाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेल्या. पाणी लागलं की चिखल.

नदी फुगली की पाणी नाल्यातून वर चढे. म्हणून सखाने कुणाला न विचारता नाल्याचं तोंडच बुजवलं. ओल धरलेल्या प्लास्टरच्या जुन्या गोण्या त्याच्याकडे पडून होत्या, त्याच थरावर थर रचल्या. प्लास्टर भिजलं की दगड होतं, हे पेणकराला सांगायला नको. सखा उलट खूश. आता महिपतीच्या बापालाही हलवता येणार नाही!

मग पावसाने झोडपलं. पाणी आलं, पण नदीकडून नाही. डोंगरावरून कातकरवाडीतून उतरून नाल्याने नदीला मिळणारं पाणी गोण्यांशी अडलं आणि वाडीत, सखाच्या कारखान्यात चढू लागलं.

रंगकाम करणारी भागी वाडीतलीच. घरात पाणी शिरलेलं, तरी सासूला खाटेवर बसवून ती सखाच्या हाकेला आली आणि मूर्ती माळ्यावर चढवू लागली. वेडी बाई!

बाहेर महिपती नाल्याच्या तोंडाशी पहार घालत होता.

"बघ गो भागे! नदी सोडतोय माझ्यावर!" सखा किंचाळला.

भागीने दारातून पाहिलं. गोण्यांपलीकडे नदीचं पाणी खाली होतं, अलीकडे काठोकाठ.

"अरे सखा, पहार घुसत नाय! भरलंस काय यात?" महिपती ओरडला.

"शेठ, ह्या आपल्या गोण्या हायत," भागी म्हणाली.

"चोरल्या असतील त्यानं!"

भागीने हातातली मूर्ती सखाच्या हातात दिली.

"माझी सासू खाटेवर हाय, शेठ."

पदर खोचून ती पाण्यातून महिपतीकडे निघाली. "दुसरी पहार हाय का वो?"

सखा मूर्ती धरून उभा राहिला. भिंतीलगतच्या मूर्तींचे पाय विरघळत होते. हातातली खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती आणि वर घ्यायला माणूस नव्हतं.