मिस ओडेसाचा जिना

बटण… हवालदाराच्या कोटाचं तिसरं बटण, आणि त्यावर चढलेली कापडाची कड भलत्याच बाजूने आलेली — सकाळपासून डेल्बर्ट हातातल्या जुन्या फोटोत तेवढंच बघत होता. पुरुषाच्या कोटाची डावी कड वर येते, इथे उजवी. आधी वाटलं, मूकपटातला हवालदार, हसवायला बाईचा कोट घातला असेल. पण मागच्या बघ्यांचे वरचे खिसेसुद्धा उजव्या छातीवर… म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी निगेटिव्ह उलटी धरून फोटो छापला होता, आणि दर शनिवारी या अमेरिकन व्हेनिसच्या गल्लीत, जिथे पूर्वी कालवा होता तिथे उभं राहून, डेल्बर्ट तो उलटा फोटो उंचावून सहलीला आलेल्या लोकांना दाखवत आला होता.

फोटोत विदूषक आपटतो तो जिना डावीकडे, इथल्या मिस ओडेसाच्या घराला आहे तसाच. सुलटा केला की जिना उजवीकडे. तसा जिना असलेलं घर समोर होतं — एकाच सुताराने बांधलेली जोडी, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. ते गेल्या वर्षी पाडलं. पाडलं तेव्हा हा तिकडे पाठ करून उभा, यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून मिस ओडेसाच्या जिन्याचं कौतुक सांगत… आता तिथे काचेचा डबा आहे, आणि आत राहणाऱ्याला म्हणे अंथरुणातून समुद्र दिसतो.

मिस ओडेसाच्या भाच्यांनी आपापले हिस्से बिल्डरला विकून टाकले होते. मंगळवारी शहराच्या समितीने घर ऐतिहासिक ठरवलं तर ते वाचणार, म्हातारी त्यातच राहणार. नाहीतर दोघांचीही वाट लागणार. साक्ष डेल्बर्टची, पुरावा हा फोटो. तिच्या आजोबांनी हे कालवे खणले, गोऱ्यांच्या होड्या फिराव्यात म्हणून चिखलात उभं राहून खणले, हे तिने समितीला सांगितलं तेव्हा त्या लोकांनी विचारलं, कागद आहे का? एक विदूषक जिन्यावरून ढुंगणावर आपटला, त्याचा मात्र पुरावा आहे. थू असल्या इतिहासावर… मनात आलं आणि डेल्बर्ट दचकला. त्याचं पोट त्याच इतिहासावर चालत होतं. असल्याच एका फोटोतला दिव्याचा खांब चुकीचा ओळखला म्हणून दुसऱ्या एका गाईडला त्याने चारचौघांत माफी मागायला लावली होती.

धुकं विरत होतं. कॉफीचे पेले घेतलेली मंडळी हसायला तयार उभी होती. ओहायोच्या एका दंतवैद्याने फोटो मागून घेतला आणि एक डोळा मिटून घराशी जुळवून बघितला. तंतोतंत, म्हणाला.

मिस ओडेसा वर, जिन्याच्या टोकाशी खुर्चीत, पायात सपाता. तिने डेल्बर्टला बोटाने जवळ बोलावलं. आज तोंड का पाडलंयस, दाढ दुखते का, दाढवाला तर सोबतच आणलायस.

तो दोन पायऱ्या चढला आणि हळूच म्हणाला, फोटोत काहीतरी…

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "सिनेमावाले आमच्या दारात आले असते तर आजीने मरेपर्यंत तेच दळण दळलं असतं. तिने कधी नावसुद्धा काढलं नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, मिस ओडेसा?"

"तू विचारलंस कधी? फोटो घेऊन आलास, आणि माझं घर मलाच समजावून सांगायला लागलास."

ती रागावली नव्हती. बाहेर गार आहे, असं सांगावं तशी बोलली — आणि त्यालाही, का कोण जाणे, बुडाल्यासारखं वाटलं नाही. आपण बरोबर असण्याची ती जुनी खाज, जिच्यावर तो इतकी वर्षं जगला, ती चाचपून बघितली तर जागेवर नव्हती. मंगळवारी तोंड उघडल्यावर त्यातून काय बाहेर पडेल, याचा त्याला पत्ता नव्हता.

"आजोबा कामावरून आले की कुठे बसायचे?" त्याने विचारलं.

"तू उभा आहेस तिथे. आधी बूट काढायचे, मगच वर. आजी चिखल येऊ द्यायची नाही."

त्याने पायाखाली बघितलं. पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली… ही झीज कुणाच्या पडण्याने आलेली नव्हती. खाली दंतवैद्य विचारत होता, नेमका आपटला कुठे तो? डेल्बर्टने ऐकलं; पण त्या खळग्यातून पाय उचलून बाजूला ठेवावा की तिथेच असू द्यावा, हेच त्याला कळेना.