बिअरचे पाणी आणि माझा वाकडा काटा

मित्रांनो, काचेच्या पेटीत बसलेला हा पितळी तराजू आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. गडहिंग्लजच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी मी तीस वर्षे काढली. मुले श्वास रोखून माझ्यासमोर वाकत. पुढे बटणांचे तराजू आले आणि मी अडगळीत पडलो. तिथून धैर्यशीलने मला भंगाराच्या भावात उचलले आणि एसटीत मांडीवर धरून उचगावला आणले. तो कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी घरी बिअर बनवायचा.

बिअरची निम्मी चव पाण्यात असते. म्हणून तो पाण्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराईड हे क्षार घालायचा. किती घालायचे ते त्याची जीभ ठरवायची, तोलून मी द्यायचो. "काट्यावर तोललंय, चुकायचं न्हाय," असे तो मित्रांना सांगे, तेव्हा माझी पारडी थरथरायची.

मग त्याच्या बायकोने, संयोगिताने, लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर घेतले. पाण्याच्या तपासणीचे आकडे भरायचे, बिअरचा प्रकार निवडायचा, की वीस लिटरला कोणता क्षार किती ग्रॅम ते पडद्यावर हजर! पहिल्याच खेपेची बिअर चाखून धैर्यशीलने हात जोडले ते लॅपटॉपला. मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. ज्याने आयुष्यात एक कण उचलला नाही, त्याला नमस्कार! त्याच्यावर रोज मऊ फडके फिरे आणि माझ्या पेटीवर धूळ साचे. कॅल्शियम क्लोराईड हवेतली ओल पिते. सांडलेला चुरा माझ्या वजनांच्या पारड्याखाली चिकटून दगड झाला. ते पारडे जड झाल्याचे मला कळत होते, पण माझ्याकडे बघतो कोण?

अशातच पुण्याच्या एका बिअर कंपनीने धैर्यशीलला नमुना घेऊन बोलावले. पसंत पडला तर तिथेच नोकरी. सॉफ्टवेअरने कॅल्शियम क्लोराईड पाच ग्रॅम सांगितले. त्याने घाईत माझ्यावर तोलले आणि पाण्यात पडले सात.

तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडे केले.

"खारट झालीया! तुझ्या त्या सॉफ्टवेअरनं घात केला बघ!"

"आकडं बरोबर हाईत, अहो."

"बरोबर हाईत तर ही काय चव? माझी नोकरी घालवलीस तू!"

लॅपटॉपला शिव्या बसत होत्या आणि खरे सांगतो, मला गुदगुल्या होत होत्या. पण मग संयोगिताचे डोळे भरलेले दिसले. लॅपटॉपला काहीच लागले नव्हते. लागले होते तिला.

दुसऱ्या दिवशी तिने पाणी पुन्हा तपासून आणले. आकडे तेच. मग ती माझ्यापाशी आली. दोन्ही पारडी रिकामी, तरी काटा एका बाजूला कललेला. "अहो, हिकडं या. ह्यो काटा वाकडा हाय की!"

धैर्यशीलने वाकून पारड्याखालचा तो दगड नखाने खरवडून बघितला. त्याचे वडील गणपतराव दारातून म्हणाले, "सूनबाईवर उगं तोंड टाकलंस. माफी माग की आधी." त्याने मागितली.

तिने मला कोमट पाण्याने धुतले, पुसले, काटा मधोमध आणला. नवी बिअर उत्तम उतरली, पण तोवर पुण्याची जागा भरली होती. तरी धैर्यशील बाटली घेऊन गेला. ती चाखून तिथल्या साहेबांनी एवढेच विचारले, "पाण्याचं कोण बघतं?" आणि महिन्याभरात संयोगिताला त्यांच्या पाणी तपासणीच्या कामाचे पत्र आले. पत्र वाचताना धैर्यशीलचा चेहरा क्षणभर कसा झाला, ते मी पाहिले. तो जळफळाट मला चांगला ओळखीचा होता. पण तो चप्पल घालून बाहेर गेला आणि पेढे घेऊनच परतला. मला ते जमले नव्हते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसत जा. आणि तोलण्याआधी रिकामा काटा एकदा बघत जा. कारण मला वाचा असती, तरी ते सात ग्रॅम पडताना मी गप्पच बसलो असतो.